पेरी मेसन हरतो तो भाग

१७ ऑक्टोबर १९६३ रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘पेरी मेसन’चा जो भाग लागला, त्याची सुरुवातच ज्युरीच्या निकालाने होते. मेसनची अशील दोषी, आणि शिक्षा मृत्यूची. ‘द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट’ हे त्या भागाचं नाव. तोवर सहा वर्षं लोक दर आठवड्याला ठरलेली गोष्ट बघत आले होते. निरपराध माणूस खुनाच्या आरोपात अडकतो, लेफ्टनंट ट्रॅग त्याला उचलतो, सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर खुशीत असतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत मेसनच्या प्रश्नांनी घायकुतीला आलेला भलताच कोणीतरी ‘होय, मीच मारलं’ म्हणून मोकळा होतो. या भागात मात्र वकील हरलेला आहे, अशील कोठडीत आहे आणि हातात थोडेच दिवस आहेत. पुढे मेसन तिला सोडवतोच, मालिकाच त्याच्या नावाची आहे. पण त्या पहिल्या दोन-चार मिनिटांतला त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला.

मी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुका न्यायालयांत वकिली करते. आसनगाव स्टेशनला उतरून शहापूर, नाहीतर किन्हवली-सरळगाव रस्त्याने मुरबाड, अशी माझी वारी. माझ्या पक्षकारांनी मेसन पाहिलेला नाही, पण २०१० पासून सोनीवर ‘अदालत’ लागायची, तिच्यातला के. डी. पाठक त्यांनी पाहिलाय. पाठकचा मूळपुरुष मेसन. त्यामुळे माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात कोर्टाचं जे चित्र असतं, त्याचा उगम लॉस एंजेलिसच्या त्या स्टुडिओत आहे, असं मी म्हणू शकते. टीव्हीवरचं आणि खरं, अशी दोन्ही कोर्टं बघून जे कळलं ते असं.

१. खरा खुनी शोधणं हे माझं काम नाही.

हे पक्षकाराला पटवायला फार वेळ जातो. ‘मॅडम, मी नाही केलं. मग कोणी केलं ते तुम्ही कोर्टात काढा ना बाहेर.’ मेसन नेमकं तेच करतो. एकाला सोडवताना दुसऱ्याला पकडून देतो, त्यामुळे प्रेक्षक शांत झोपतो. कायद्यात मात्र आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची. सिद्ध झाला नाही, वाजवी संशय राहिला, तर आरोपी सुटला. मग मारलं कोणी, हा प्रश्न तसाच उघडा राहतो. आमच्या भागातल्या कित्येक घटनांचा शेवट असा आहे: कोणीतरी मेलं, कोणीतरी सुटलं, आणि वाडीतल्या सगळ्यांना काहीतरी माहीत आहे. टीव्हीला हा शेवट चालत नाही.

पक्षकाराला मी एवढंच सांगते की तुम्हाला घरी न्यायचं काम माझं. दुसऱ्या कोणाला आत टाकायचं पोलिसांचं. दोन्ही कामं एकाच माणसाने घेतली की दोन्ही बिघडतात.

२. पिंजऱ्यात उभा राहून कोणी कबुली देत नाही. दिली तरी तिचं लोणचं घालता येत नाही.

समजा, मेसनसारखा प्रश्न मी विचारला आणि साक्षीदार रडत म्हणाला, ‘होय, कोयता मीच मारला.’ मग? आपल्या पुरावा कायद्याच्या जुन्या कलम १३२ मध्ये एक गंमत आहे. उत्तर दिल्याने आपण अडकू, या कारणावरून साक्षीदाराला उत्तर टाळता येत नाही. पण जे उत्तर द्यायला त्याला भाग पाडलं, ते पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. खोटी साक्ष दिल्याचा खटला मात्र होऊ शकतो. म्हणजे मेसनचा हुकमी एक्का इथे निम्मा होतो. न्यायालयाला पुराव्यावरून एखाद्याला नव्याने आरोपी करता येतं, त्याला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३१९ होतं, पण तोही पुढचा वेगळा खटला.

पोलिसांपुढची कबुली तर चालतच नाही, आणि हे आपल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे द्यायची असेल, तर आधी तो समजावून सांगतो की तुमच्यावर सक्ती नाही, बोललात तर ते तुमच्याविरुद्ध जाईल. विचार करायला वेळ देतो, पोलिसांना बाहेर काढतो. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, कलमांचे आकडे बदलले, पण हा गाभा तसाच आहे. आमच्या बार रूममध्ये अजून जुने आकडेच बोलले जातात. ‘तीनशे दोन’ म्हटल्याशिवाय कोणाला खून झाल्यासारखा वाटत नाही.

३. खुनाचा खटला इथे चालत नाही, इथून जातो.

मेसनचे पुष्कळ भाग ज्युरीपुढचे नाहीतच. ते प्राथमिक सुनावणीचे आहेत: आरोपीला वरच्या न्यायालयात पाठवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच बघायचं. ज्युरीची बारा माणसं बसवायचा खर्च वाचत असेल, ते असो. आपल्याकडेही १८९८ च्या संहितेखाली खालच्या न्यायालयात अशी चौकशी होत असे. १९७३ च्या संहितेने ती काढून टाकली. आता शहापूरचे किंवा मुरबाडचे न्यायदंडाधिकारी दोषारोपपत्राच्या प्रती आरोपीला दिल्या का ते बघतात आणि खटला सत्र न्यायालयाकडे पाठवतात. ‘केस कमिट झाली’ म्हणतात ते हेच. आमच्यासाठी सत्र न्यायालय म्हणजे कल्याण.

घरच्यांना वाटतं, केस कमिट झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला. एकदा एका म्हाताऱ्याने तिथेच खाली बसकण मारली होती. मेसनचा कुठलाही भाग त्याच्या उपयोगाचा नव्हता. त्याला इतकंच हवं होतं की कोणी सांगावं, अजून काहीच झालेलं नाही, आता कल्याणला जायचं. मुरबाडहून कल्याणला रेल्वे येणार, हे त्याने तरुणपणापासून ऐकलंय. तोवर एसटी. पावसाळ्यात उल्हास नदी चढली आणि रायत्याचा पूल बंद झाला की तारखेला पोचता येत नाही, आणि मग गैरहजेरी माफीचा अर्ज.

४. उलटतपासाचा पहिला प्रश्न घरातून न्यावा.

मेसनगिरी म्हणता येईल असा एक प्रसंग माझ्याही खात्यावर आहे. मुरबाडला मारहाणीचा खटला होता. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडेतिकडे करते. फिर्यादीच्या बाजूचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार सरतपासात म्हणाला की लाईट गेली होती, पण चांदणं होतं, म्हणून आरोपीचा चेहरा स्पष्ट दिसला. वेळ संध्याकाळी साडेसातची. दिवसाबद्दल त्याने पोलिसांना सांगितलं होतं, म्हशाची जत्रा भरून चार दिवस झाले होते.

म्हशाची जत्रा म्हणजे बैलांचा आणि घोंगड्यांचा मोठा बाजार. ती भरते पौष पौर्णिमेला. पौर्णिमेनंतर चौथा दिवस ही संकष्टी. आणि संकष्टीला चंद्र किती वाजता उगवतो, हे महाराष्ट्रात विचारायला ना वकील लागतो ना खगोलशास्त्रज्ञ. फिर्यादीवर तारीख होतीच. त्या महिन्याचं कालनिर्णयचं पान मी आदल्या रात्री काढून ठेवलं. चंद्रोदय नऊ वाजून गेल्यावर.

‘तुमच्या घरी संकष्टी कोण करतं?’

‘बायको करते.’

‘त्या दिवशी तिने उपास सोडला होता?’

‘सोडला की. चंद्र निघाल्यावर.’

‘साधारण कधी?’

‘नऊ-सव्वानऊ झाले असतील.’

‘मारामारी त्याच्या आधी की नंतर?’

‘आधी. मी जेवायला बसायचो व्हतो.’

त्या माणसाला खोटं बोलायचं नव्हतं, हे मला उत्तरांच्या वेगावरूनच दिसलं. त्याने ओरडाआरडा ऐकला होता, धावत गेला होता, आणि कोण कोण होतं हे त्याला नंतर कळलं होतं. कळलेलं आणि पाहिलेलं त्याच्या डोक्यात एक झालं होतं. टीव्हीवर या क्षणी संगीत वाजतं. आमच्याकडे न्यायाधीशांनी स्टेनोला मजकूर सांगितला: ‘हे म्हणणे खरे आहे की, घटनेच्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती. हे म्हणणे खरे आहे की, माझ्या पत्नीने रात्री नऊच्या सुमारास चंद्रोदयानंतर उपवास सोडला.’ मागच्या बाकावर कोणीतरी जांभई दिली. सरकारी वकिलांनी फेरतपास घेतला, तेव्हा साक्षीदाराला आठवलं की कोणाच्या तरी हातात बॅटरी होती. ती बॅटरी पोलिसांच्या जबाबात नव्हती. तेही नोंदलं गेलं. मग पुढची तारीख पडली.

आरोपी सुटला, पण बऱ्याच काळाने आणि मुख्यतः डॉक्टरांच्या साक्षीवर. जखम आणि जप्त केलेली काठी जुळत नव्हती. निकालपत्रात चंद्राला अर्धं वाक्य मिळालं.

हीच युक्ती १८५८ साली इलिनॉयमध्ये अब्राहम लिंकनने केली होती. डफ आर्मस्ट्राँग नावाच्या तरुणावरच्या खुनाच्या खटल्यात साक्षीदार म्हणाला, चंद्रप्रकाशात पाहिलं. लिंकनने पंचांग काढून दाखवलं की चंद्र तेव्हा मावळतीला टेकला होता. त्याच्या आरोपीला ज्युरीने सोडलं आणि गोष्ट अजरामर झाली. ज्युरी असली की चंद्राला पूर्ण वाक्य मिळतं. आपल्याकडची ज्युरी नानावटी खटल्याने बदनाम झाली. १९५९ साली आठ विरुद्ध एक अशा मताने तिने नानावटींना निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. पुढे ती पद्धतच गेली. मला तिची फारशी हळहळ नाही. गावातल्या नऊ माणसांची ज्युरी बसवली तर त्यात पाच जण भावकीतले निघतील.

५. बोललेलं नाही, टाइप झालेलं उरतं.

वरच्या प्रसंगात साक्षीदार बॅटरीबद्दल बोलण्याआधी बराच वेळ थांबला आणि त्याने दाराकडे पाहिलं. दारात फिर्यादीचा भाऊ उभा होता. कॅमेरा असता तर तो तिकडे वळला असता. आपल्याकडे साक्ष बहुधा प्रश्नोत्तरांत नाही, सलग निवेदनात लिहितात. त्यात थांबणं नसतं, बघणं नसतं, आवंढा नसतो. अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशांपुढे फक्त तो कागद जातो. साक्षीदाराचं वर्तन नोंदवायची तरतूद कायद्यात आहे. एखादा प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं घ्या, अशी विनंतीही करता येते. ती त्याच मिनिटाला करायची असते. जेवणाच्या सुटीनंतर केली तर न्यायाधीश म्हणतात, मॅडम, तेव्हा का नाही बोललात?

चैतन्य ताम्हाणेंच्या २०१४ च्या ‘कोर्ट’ सिनेमात हा कंटाळा खरा उतरलाय. मुंबईतले काही मित्र म्हणाले, सिनेमा फार संथ आहे. मला तो वेगवान वाटला. एका तारखेहून दुसरीवर किती पटकन जातो.

६. पॉल ड्रेकला वीटभट्टीवर पाठवून दाखवा.

मेसनकडे पॉल ड्रेक हा खासगी गुप्तहेर आहे. तो दाराशी येऊन ठरावीक टकटक करतो आणि हवा तो माणूस, हवी ती पावती घेऊन हजर. आमचा साक्षीदार कातकरी असला तर दिवाळीनंतर भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर गेलेला असतो, बायकापोरांसकट. समन्स परत येतं, त्यावर शेरा: ‘सदर इसम मजुरीकरिता बाहेरगावी गेला असून पत्ता मिळून येत नाही.’ पाऊस तोंडावर आला की ती माणसं परत येतात, आणि तेव्हा नेमकी उन्हाळी सुटी लागलेली किंवा बोर्ड भरलेला. साक्षीदार ‘टाळाटाळ करतो’ असं रोजनाम्यात वाचलं की मला चीड येते. त्याने भट्टीमालकाची उचल घेतलेली असते. तारखेला यायला मालकाने सोडलं पाहिजे, दिवसाची मजुरी बुडली पाहिजे आणि एसटीचं भाडं खिशात पाहिजे. साक्षीदाराला भत्ता मिळायची सोय आहे. तो मागावा लागतो, हे त्याला कोणी सांगत नाही.

याच वाड्यांमधली दुसरी अडचण नावांची. ‘द केस ऑफ द टेरिफाइड टायपिस्ट’ हा १९५८ चा भाग. त्यातही ज्युरी मेसनच्या अशिलाला दोषी ठरवते, पण तो माणूस स्वतःचं म्हणून जे नाव सांगत होता तो तो नव्हताच, असं निघतं आणि निकाल टिकत नाही. लोकांना ही पळवाट खोटी वाटते. मला नाही वाटली. एका वाडीत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन पुरुष असतात. आधारवर वय एक, रेशनकार्डावर दुसरं, मतदार यादीत तिसरं. वॉरंट एकाचं आणि आणलं दुसऱ्याला, असं होऊ शकतं, आणि आणलेला माणूस काही बोलतही नाही, कारण पोलिसांनी नाव तर त्याचंच घेतलेलं असतं. वकालतनाम्यावर अंगठा घेण्याआधी मी बापाचं नाव, आजाचं नाव आणि वाडीला लागून ओढा कुठला, हे विचारते.

७. हेतू शोधायचा असेल तर तलाठ्याकडे जा.

मेसनच्या गोष्टींत खुनाच्या मुळाशी मृत्युपत्र, विम्याचा पैसा, नाहीतर कोणाचं तरी जुनं लफडं. आमच्याकडे फिर्यादीत लिहिलेलं असतं, ‘किरकोळ कारणावरून बाचाबाची होऊन’. किरकोळ कारणावरून कोणी कोणाचं डोकं फोडत नाही. मी फिर्याद बाजूला ठेवते आणि सातबारा मागवते. मग फेरफार. बहुतेक वेळा भांडणाची तारीख फेरफाराच्या तारखेच्या आसपास निघते.

शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गासाठी जमिनी गेल्या. एरवी ज्या खडकाळ माळाकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, त्याचे पैसे थेट खात्यात आले, आणि बापाच्या मागे सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत याची घरोघर उजळणी झाली. बहिणींनी कधीकाळी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. काहींनी समजून, काहींनी माहेर तुटू नये म्हणून. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, हे मोबदल्याची नोटीस येईपर्यंत कोणाला आठवत नव्हतं. मग शिवीगाळ, मग मारहाण, मग माझ्यासमोर ‘विनयभंगा’ची फिर्याद, ज्यात जमिनीचा शब्दही नाही. मी असं म्हणत नाही की अशा सगळ्या फिर्यादी खोट्या असतात. पुष्कळदा गुन्हाही खरा आणि जमिनीचं भांडणही खरं असतं, आणि एकाचा आधार घेऊन दुसरं खोटं पाडायला आम्ही वकील तयारच असतो.

आदिवासींच्या जमिनीचा प्रकार आणखी वेगळा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम ३६ आणि ३६अ मुळे ती बिगरआदिवासीकडे परवानगीशिवाय जात नाही. म्हणून कागदावर मालक ठाकूर, कसणारा किंवा कुंपण घालणारा दुसराच. कागदावरचा मालक एक दिवस स्वतःच्या शेतात पाय ठेवतो आणि त्याच्यावर अतिक्रमणाचा आणि दमदाटीचा गुन्हा लागतो. मेसनला हे प्रकरण दिलं तर तो पहिल्या जाहिरातीच्या आतच लॉस एंजेलिसला परत जाईल.

पक्षकार वकिलापासून काही लपवतो, हे मेसनच्या जवळपास प्रत्येक भागात येतं आणि तो चिडतो. इथे लपवण्यामागे लबाडीपेक्षा लाज जास्त असते. सख्ख्या भावाशी भांडण जमिनीवरून झालं, हे परक्या बाईसमोर बोलायला माणसाला तिसरी भेट लागते. पहिल्या दोन भेटींत मी जास्त विचारत नाही.

८. बर्गरची मला दया येते.

दर आठवड्याला हरणारा सरकारी वकील. रेमंड बर, जो पुढे मेसन झाला, तो आधी बर्गरच्या भूमिकेसाठीच चाचणी द्यायला गेला होता. ती भूमिका मिळाली विल्यम टॉलमनला. आमच्याकडचे सहायक सरकारी अभियोक्ता बघितले की मला टॉलमनचा तो कायम थकलेला चेहरा आठवतो. साक्षीदार फुटलेला, पंच म्हणतो ‘पोलिसांनी सांगितलं तिथे सही केली’, तपासी अंमलदाराची बदली झालेली, तपासणीचा अहवाल कलिन्याच्या प्रयोगशाळेतून यायचा. आता झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालंय. त्याने पंचांची ही तऱ्हा बदलेल असं वाटतं. माळशेजच्या पायथ्याला रेंज मिळाली तर.

टॉलमनचीच एक हकिगत सांगते. १९६० साली एका मेजवानीवर पोलिसांची धाड पडली आणि तोही पकडला गेला. न्यायाधीशांनी पुराव्याअभावी प्रकरण निकाली काढलं. तरी वाहिनीने त्याला मालिकेतून काढून टाकलं. बर आणि मालिकेचा जनक गार्डनर त्याच्या पाठीशी उभे राहिले, प्रेक्षकांची पत्रं गेली, आणि वर्ष संपायच्या आत तो परत आला. पडद्यावर सतत लोकांना दोषी ठरवू पाहणारा माणूस प्रत्यक्षात निर्दोष सुटला आणि तरी नोकरी गमावून बसला.

गावात हे रोज होतं. निर्दोष सुटलेल्या माणसाला पोलीस पाटील अजून बाजूला घेऊन चौकशी करतो. मुलीचं लग्न ठरवताना पाहुणे विचारतात, ‘ते प्रकरण मिटलं का?’ न्यायालयाने लिहिलेलं ‘निर्दोष’ आणि गावाने ऐकलेलं ‘मिटलं’ यांत फार अंतर आहे, आणि माझ्या फीमध्ये ते अंतर येत नाही. निकालाची नक्कल लॅमिनेट करून घरात लावलेली मी पाहिली आहे, देवाच्या तसबिरीशेजारी.

९. मेसनला जन्म देणारा मात्र तालुक्याचाच वकील.

अर्ल स्टॅनली गार्डनर १९११ मध्ये वकील झाला आणि कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड या शेतीवाडीच्या गावात बसला. अशील कोण, तर चिनी दुकानदार आणि मेक्सिकन मजूर, ज्यांच्या बाजूने उभं राहायला इतर वकील फारसे उत्सुक नसत. दिवसा कोर्ट, रात्री स्वस्त मासिकांसाठी कथा. १९३३ मध्ये मेसनची पहिली कादंबरी आली, मग वकिली मागे पडली. म्हणजे ज्याला आयुष्यात रोज अर्धवट निकाल मिळत होते, त्याने कागदावर पूर्ण निकाल लिहायला घेतले. मला त्यात काही वावगं वाटत नाही. २२ मे १९६६ च्या शेवटच्या भागात तो स्वतःच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला दिसतो.

१९४८ मध्ये त्याने आणखी एक काम सुरू केलं, जे मला मेसनपेक्षा मोठं वाटतं. ‘आर्गसी’ मासिकाच्या साथीने त्याने काही तज्ज्ञ जमवले आणि शिक्षा होऊन गेलेल्या, पैसे नसलेल्या कैद्यांची प्रकरणं पुन्हा उघडून तपासायला घेतली. त्याला त्यांनी शेवटच्या आशेचं न्यायालय अशा अर्थाचं नाव दिलं होतं. ‘डेडली व्हर्डिक्ट’ बघताना मला तेच काम आठवत राहतं.

आमच्या भागात एक वकील असा झाला की त्याच्यावर खटला भरायची तसदीच कोणी घेतली नाही. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल, एल.एल.बी. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना आणि हिराजी पाटलांना गोळ्या घातल्या. दोषारोपपत्र नाही, पुकारा नाही. दर २ जानेवारीला तिथे लोक जमतात. आमच्या बारमधले काही जण काळा कोट घालून जातात. थंडी असतेच, पण मला वाटतं, कोट त्यासाठी नसतो.

१०. निकालाच्या दिवसाची तयारी हरण्याची करावी.

‘डेडली व्हर्डिक्ट’मध्ये निकालानंतर काय करायचं, हे मेसनला माहीत असतं. इथे ते पक्षकाराला कोणी सांगून ठेवलेलं नसतं. कैदेची शिक्षा झाली तर निकालपत्राची नक्कल आरोपीला लगेच आणि फुकट मिळते. न्यायदंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर शिक्षा देणारं न्यायालयच अपील दाखल होईपर्यंत शिक्षा थांबवू शकतं. माणूस अनुसूचित जमातीचा असेल, बाई असेल किंवा कोठडीत असेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली उत्पन्न न बघता त्याला फुकट वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती त्याच आवारात असते.

पण हे सगळं व्हायचं तर जामीनदार त्याच दिवशी, कोर्टाची वेळ संपायच्या आत हजर पाहिजे. निकाल चार वाजता लागतो. नाझरची खिडकी बंद व्हायची वेळ झालेली असते. धसईकडची, टोकावड्याकडची गाडी गेली तर जामीनदार कुठून आणणार? म्हणून निकालाच्या तारखेला मी त्याला सकाळीच बोलावून घेते: सातबाऱ्याचा ताजा उतारा, आधार, रेशनकार्ड, दोन फोटो. आरोपी सुटलाच, तर जामीनदाराला वडापाव-चहा देऊन परतीच्या एसटीत बसवायचं. तो थोडा कुरकुरतो की दिवस फुकट गेला. मग पुढच्या वेळी कोणाला आणायचं, याची चर्चा आम्ही स्टँडवरच करतो.